तिसरी चूल

सकाळपासून घरतांच्या घरात तीन चुली मांडायची धावपळ चालली होती आणि स्वयंपाक मात्र रोजच्यासारखा एकाच शेगडीवर शिजत होता. थोरली सून संध्या टोपभर भात शिजवून तीन पातेल्यांत वाटत होती. डाळही तिनं तीन ठिकाणी ओतली. बोंबलांची कढई तेवढी आपल्याकडे ठेवली. वेगळं व्हायचं खोटं खोटंच होतं, पण बोंबलांच्या बाबतीत तिला कुणाचा भरवसा नव्हता.

बंदराकडे जाणारा केंद्राचा रस्ता वाघखार गावातून जाणार, हे ठरून वर्ष झालं होतं. ज्यांची घरं रस्त्यात जातील त्यांना तिकडे द्रोणागिरीच्या बाजूला नव्या वसाहतीत पक्कं घर मिळणार होतं. घराला घर नव्हे, कुटुंबाला घर. आता कुटुंब ओळखायचं कसं, तर दिल्लीहून आलेल्या परिपत्रकात ते एका ओळीत सांगितलं होतं. एक चूल, एक कुटुंब. ज्यानं ही ओळ लिहिली त्याला वाटलं असेल की माणसं लबाडी करतील, चूल करणार नाही.

महिनाभरात वाघखारातलं एकही एकत्र कुटुंब शिल्लक राहिलं नाही. सख्खे भाऊ वेगळे झाले, बाप-लेक वेगळे झाले, एका म्हातारीनं तर आपल्या नवऱ्याला वेगळं काढलं. दिवसा सगळे वेगळे व्हायचे आणि अंधार पडला की एका पंगतीला जेवायला बसायचे. उरणच्या बाजारात रॉकेलचे स्टो मिळेनासे झाले.

शेजारची पुतळा काल सर्वेक्षणातून पार पडली होती आणि आज सल्ला द्यायला आली होती.

"नुसती चूल दाखवून नाय भागत," ती संध्याच्या नवऱ्याला, पंढरीला, सांगत होती. "तो साहेब लय पोचलेला हाय. भांडन दिसलं पायजे. आमच्याकडं माजा नवरा नि माजा पोरगा असं भांडलं, असं भांडलं, का साहेबानं पेन ठेवून त्यांना सोडवलं. दोन घरं मिलाली ना मग."

"मंग आता समेट झाला?" पंढरीनं विचारलं.

"कुठला? पोरगा कालपासनं जेवाय आला नाय."

पंढरीचा बाप धर्मराज ओटीवर बसून हे ऐकत होता. त्याच्या समोर कोपऱ्यात त्याची चूल मांडली होती. चूल म्हणजे पितळी टाकीचा स्टो. कुठून आणला ते त्याला सांगितलं नव्हतं. शेजारी एक पातेलं, एक ताट, एक तांब्या. हे एका माणसाचं घर दिसावं म्हणून धाकट्या सुनेनं, श्रुतीनं, तिथे कांद्याची सालंही टाकली होती.

तिसरी चूल मांडायची ही गोष्ट धर्मराजनंच काढली होती. मुलं खूष झाली. बाबांना डोकं आहे, तिसरं घर भाड्यानं देता येईल, असं पंढरी म्हणाला. धर्मराजनं त्याला तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे आठवड्यापूर्वी दोघा भावांचं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं. नव्या वसाहतीत गेल्यावर बाबांनी सहा महिने इकडे राहायचं, सहा महिने तिकडे. बोलणं अगदी प्रेमाचं होतं. पण बाहेरून आलं की कुणाच्या दारात चपला काढायच्या हे पंचांग बघून ठरवायचं, हे त्याला नको होतं. त्याला एक दार हवं होतं. लहान असलं तरी चालेल, आत काही नसलं तरी चालेल. बायको, विमलबाई, होती तोवर दाराचा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. ती जिथे होती तिथे दार होतं.

तिला जाऊन आठ महिने झाले होते.

"बाबा, तुम्ही भांडायचं नाही हं," धाकटा हरेश सांगत होता. तो कालच नेरूळहून बायकोला आणि गॅसच्या शेगडीला घेऊन आला होता. तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागून त्याला चार वर्षं झाली होती, पण आजच्या दिवसापुरता तो मधल्या खोलीत जन्मापासून राहत होता. "तुम्ही फक्त शांत बसा. भांडण मी आणि दादा करतो. पंपाच्या पाण्यावरून. ठरलंय आमचं."

"हरेश, शेगडीवरचं स्टिकर काढ आधी," श्रुती म्हणाली. "आणि मला विचारलं तर मी काय सांगू? मी बँकेत आहे. खोटं सांगितलं आणि उद्या कुणी चौकशी केली तर?"

"तू काही सांगू नको. तू रागावलेली दिस."

"ती मी आहेच."

मागच्या दारात धर्मराजची मोठी बहीण बयाबाई वाल सोलत बसली होती. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी आली ती आली. तीस वर्षं या घरात ती वाल सोलत होती, मासळी निवडत होती, मुलांना खेळवत होती. तिला तिची चूल कुणी विचारली नव्हती. तिच्या मागे पडवीत एक मातीची चूल होती, तिच्यावर सुपानं झाकण घातलं होतं. त्या चुलीला हात लावायचा नाही, असं धर्मराजनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि आठ महिन्यांत त्यानं एवढी एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली होती.

साहेब आले ते डोक्यावर रुमाल टाकून आले. तळगावकर त्यांचं आडनाव. पुनर्वसनाच्या ऑफिसातून आलेला हा माणूस गेले पंधरा दिवस मे महिन्याच्या उन्हात लोकांच्या चुलींत हात घालत फिरत होता आणि त्याच्या हातांना आता शाईपेक्षा राखच जास्त लागलेली असायची. संध्यानं त्यांना कोकम सरबत दिलं. मग श्रुतीनंही दिलं, कारण ती वेगळी होती. साहेबांनी दोन्ही प्यायली.

"हां, करा सुरू," ते म्हणाले.

हरेशनं घसा साफ केला. "दादा, तू पंपाचं पाणी आधी का भरतोस? हे मला अजिबात पटत नाही."

"पंप काय तुज्या एकट्याचा हाय?" पंढरी म्हणाला.

"नाही. पण तू आधी भरतोस."

"भरीन."

दोघे थांबले. पुढचं ठरलेलं नव्हतं. साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. "पंपाचं पाणी या आळीत चौथं," ते म्हणाले. "तुमच्याकडे दुसरं काही नाही का?"

पंढरी डंपर चालवणारा माणूस. कुणी कमी लेखलं की त्याचं डोकं फिरायचं. तो म्हणाला, "हाय ना साहेब, बरंच हाय. हा चार वर्सं नेरूलला जाऊन बसलाय एसीत, नि म्हातारा माज्या गल्यात."

"एसी नाहीये आमच्याकडे," श्रुती म्हणाली.

"आणि गळ्यात म्हणजे काय, दादा?" हरेश म्हणाला. "आई हॉस्पिटलात होती तेव्हा रात्री कोण बसायचं? श्रुतीनं सगळी रजा संपवली. तू दोनदा आलास. एकदा तर डंपर पार्क करायला जागा नाही म्हणून खालूनच गेलास."

"नि हितं घर कोन बघत व्हतं?" संध्या आतून बाहेर आली. तिच्या हातात डाव होता. "एवढ्या मानसांचं रांधत व्हतं कोन? हॉस्पिटलान काय, खुर्चीवर बसायचं नि नर्स येते."

"वहिनी, खुर्चीवर बसून बघा एकदा," श्रुती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आईंच्या दागिन्यांच्या वेळी मात्र तुम्हाला बरोबर वेळ मिळाला होता."

आता साहेब लिहायला लागले.

"सहा महिने ठेवून बघ ना बाबांना," पंढरी हरेशला म्हणाला. "मग समजंल. मानूस रातचा उठतो, ओटीवर बसतो, बिडी ओढतो. कोनाशी बोलत नाय. जेवन आवडलं नाय तरी बोलत नाय, नुसतं ताट सरकवतो. संध्या काय, बाईमानूस हाय ना ती? तिला काय वाटत असंल?"

"मी नाही म्हटलंय का ठेवायला? पण वन बीएचके आहे. दिवसा आम्ही दोघंही नसतो. त्यांनी करायचं काय तिथे? जिना चढवत नाही त्यांना."

"बास," साहेब म्हणाले. "दोन कुटुंबं. अगदी स्वच्छ." त्यांनी दोन ठिकाणी सही केली. दोन्ही सिलिंडर एकेकदा हलवून पाहिले. पंधरा दिवसांत त्यांनी पुष्कळ नाटकं पाहिली होती आणि खरा माल दिसला की त्यांना बरं वाटायचं.

भाऊ एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"नाटकच करत व्हतो मी," पंढरी म्हणाला.

"मी पण," हरेश म्हणाला.

ओटीकडे दोघांनीही पाहिलं नाही. धर्मराज बिडीचं बंडल हातात धरून बसला होता. त्यातली एक काढावी की नाही, हे त्याला आता ठरवता येत नव्हतं.

साहेब त्याच्यासमोर येऊन बसले. आधी त्यांनी स्टो उचलून बघितला. टाकीला एका बाजूनं पोचा होता, त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"हा काल पुतळाबाईंकडे होता," ते म्हणाले. "परवा देवळाजवळच्या घरात. त्याच्याआधी मी त्याला आणखी दोन ठिकाणी भेटलोय. म्हणून तर नवा खुलासा काढला आम्ही. गॅस चालेल, मातीची चूल चालेल. स्टो चालणार नाही, तो चालतो म्हणून."

 साहेबांनी स्टो खाली ठेवला. "असो. नोंद तर करून घेतो. नाव?"

"धर्मराज आंबो घरत."

"वय?"

"बासष्ट असंल."

"कुटुंब?"

मोठ्या माणसासमोर बायकोला बायको म्हणायचं नसतं, कुटुंब म्हणायचं, हे धर्मराजला तरुणपणी मिठागरावरच्या मुनिमानं शिकवलं होतं. तेव्हापासून चारचौघांत तो तसंच बोलायचा. कुटुंब बाजारात गेलंय. कुटुंबाला ताप आहे. हा प्रश्न मात्र त्याला आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता. गावात सगळ्यांना माहीत होतं.

"वारलं," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. "कधी?"

"गनपती गेल्यावर. चार दिसांनी."

"एकच होतं?"

धर्मराजला हा प्रश्न आगाऊ वाटला. "एकच. दुसरं कनाला करीन?"

साहेबांनी ओळ पूर्ण केली आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवली. "धर्मराज आंबो घरत. कुटुंब संख्या एक. सदर कुटुंब गतवर्षी मयत. सबब घर देय नाही."

हरेशनं पुढे येऊन वहीत डोकावून पाहिलं.

"एक मिनिट, साहेब," हरेश म्हणाला. "मयत कोण? बाबा समोर बसलेत."

"बाबा मयत नाहीत. कुटुंब मयत आहे. बाबा कुटुंबप्रमुख आहेत."

"कुणाचे?"

"मयत कुटुंबाचे."

"अहो, ते आईबद्दल बोलत होते. जुनी माणसं बायकोला कुटुंब म्हणतात."

"मला कळत नाही का? माझे वडीलही तसंच म्हणायचे," साहेब म्हणाले. "पण त्यांनी सांगितलं, मी शाईनं लिहिलं. खोडायचं तर वरून मंजुरी लागते. आणि समजा खोडलं, तर तिथे लिहू काय?" त्यांनी पिशवीतून परिपत्रक काढलं. त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. "कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. पुढे अपवाद. विधवा, स्वतंत्र चूल असल्यास. परित्यक्ता, स्वतंत्र चूल असल्यास. अपंग, तो कसाही. संपलं. विधुर हा शब्द मी तीनदा शोधलाय. नाहीच."

मागच्या दारातून बयाबाईचा आवाज आला. "दिल्लीला बायका मरत नाय का?"

"मरत असतील, आजी. परिपत्रकात नाही मरत." साहेबांनी कागदाची घडी घातली. "ज्यानं लिहिलं त्यानं धरलं असेल, की बायको गेली की पुरुष वर्षाच्या आत दुसरी करतो. मग त्याची वेगळी सोय कशाला? माझंच बघा ना. कुटुंब मालवणला, मी नेरूळला एका खोलीत, स्टोवर पिठलं. या कागदाप्रमाणे मीही नाही." मग धर्मराजला जरा बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "तुम्हाला अजून चार महिने आहेत."

धर्मराजनं बिडीचं बंडल खिशात ठेवलं.

"मग यांनी राहायचं कुठे?" श्रुतीनं विचारलं.

"अवलंबित म्हणून. दोन मुलं आहेत, दोघांना घर मिळतंय. कुणाच्या नावाखाली लिहू?"

 पंढरीनं हरेशकडे पाहिलं. हरेशनं सिलिंडरकडे पाहिलं. संध्या डाव पदराला पुसायला लागली. पेन वहीवर टेकवून साहेब थांबले. ते पेन थांबलं होतं तेवढ्या वेळात धर्मराजला आपल्या दोन्ही मुलांच्या घरांची दारं दिसली. आणि दोन्ही उघडीच होती, त्याला कुणी हाकललं नसतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"आनि मी?" बयाबाई म्हणाली.

ती वालाचं सूप बाजूला ठेवून उठून आली होती. "मी विधवा हाय ना?"

साहेबांनी वहीची पानं उलटली. "तुमचं नाव कुठे आहे?"

नाव कुठेच नव्हतं. तीन चुली मोजताना बयाबाई कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

"स्वतंत्र चूल आहे का, आजी?"

"हाय."

"कुठे?"

"मागल्या पडवीन. मातीची."

सगळ्यांनी एकदम धर्मराजकडे बघितलं. तो उठून उभा राहिला होता. "ती चूल कोनाची नाय," तो म्हणाला.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी जेवून येतो," ते म्हणाले. "मातीची चूल मला चालते, ती पळत नाही. पण थंड चूल चालत नाही. हात लावीन. गरम लागली तर एक कुटुंब, नाही लागली तर नाही."

ते पायरी उतरून गेले, आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते बयाबाईनं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा संध्या आली. तिनं कढईतले दोन बोंबील ताटलीत घालून आणले. "आत्याबाय, गरम हायत तवर खा."

"आते, बस ना खुर्चीवर," हरेश म्हणाला. "तू नेरूळला का येत नाहीस कधी? तुझं आपलं हक्काचं घर आहे ते. आणि नव्या वसाहतीतलं घर मिळालं ना तर त्याला मी ग्रिल लावून देतो, रंग देतो. तुला काही टेन्शन नाही. फक्त माझ्या घराच्या बाजूचं माग."

"तुज्या बाजूचं का?" पंढरी म्हणाला. "आते माज्याकडं राहिली एवढी वर्सं. तिच्या अंगाखांद्यावर मी वाढलो."

"मी पण तिथेच वाढलो, दादा. तू उतरल्यावर."

"आते, तुला गोधडी कोनी आनून दिली मागल्या थंडीन?"

"पुतलानं," बयाबाई म्हणाली. ती बोंबील खात होती. सावकाश, काटा चोखून. "तुजी गोधडी मांजरीला घातली व्हती."

श्रुती या सगळ्यात पडली नाही. ती धर्मराजजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मघाशी मी जिन्याचं बोलणं ऐकून घेतलं, मधे बोलले नाही. चुकलं माझं. तुम्ही आलात तर मला चालेल. खरंच. पण तुम्हाला नाही चालणार, मला माहीत आहे. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही कुणालाच सांगत नाही."

 धर्मराज मागच्या पडवीत गेला.

बयाबाई बोट चाटत त्याच्यामागून आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

चुलीवरचं सूप त्यानंच उचललं. चूल तशीच होती. विमलबाईनं आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती शेणमातीनं सारवली होती आणि तिच्या तीन बोटांचे ओरखडे वाळून तसेच राहिले होते, तोंडाजवळून मागच्या बाजूला गेलेले. रोज पेटणाऱ्या चुलीचं सारवण रोज उडतं आणि रोज नवं लागतं. ही पेटली नव्हती म्हणून ते टिकलं होतं.

"एकदा जाळ केला का हे जाईल," तो म्हणाला.

"जाईल," बयाबाई म्हणाली.

"तिची बोटं हायत ही."

"दिसतंय मना. मी काय आंधली हाय?" ती गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. "आनि रस्त्याचा बुलडोजर येल तवा काय करशील, धर्मा? त्याला बोटं दाखवशील? साहेब, हितून नका जाऊ, बाजूनं जा?"

धर्मराजनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"तुला दार पायजे," ती म्हणाली. "तोंडानं बोलत नाय तू, पन मना ठावं हाय. तू ओटीवर बिडी ओढतोस तवा मी पन जागीच असतंय. तिथं पोरांच्या घरान तू पाव्हना व्हशील. मी तीस वर्सं पाव्हनी हाय, मना इचार कसं असतं ते. भूक लागली तरी कोन वाढतंय का बघायचं."

"विमलनं तुला कदी उपाशी ठेवलं?"

"नाय ठेवलं. पोटभर घातलं. पन या चुलीला हात लावून दिला नाय. एकदा ती माहेरी गेली तवा मी भात टाकला, तर आल्यावर तिनं चूल परत सारवली. बोल्ली, ननंदबाय, तुमी आराम करा." बयाबाईनं नाक ओढलं. "आराम करून करून कंबर गेली माजी."

धर्मराजला हे माहीत नव्हतं. बायको मेल्यापासून तो तिला रोज थोडी थोडी चांगली करत आला होता. आता ती त्याला पुन्हा जशी होती तशी दिसली, चुलीसमोर पाट अडवून बसलेली, कुणाला वाटेला येऊ न देणारी. त्याला हसू आलं.

"तिला चालायचं नाय, बाय," तो म्हणाला.

"नाय चालायचं. पन ती नाय ना आता. आपुन हाव."

त्यानं कोपऱ्यातून काटक्या उचलल्या आणि चुलीत घालायला वाकला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"तू नको. माजी चूल हाय."

तिला पेटवता येत नव्हतं. काटक्या तिनं एकावर एक दाबून भरल्या, दोन काड्या विझल्या, तिसऱ्या काडीला नुसता धूर झाला. "आडव्या नको," धर्मराज म्हणाला. "दोन उभ्या, मधे पोकल ठेव. खालून फुंक. वरनं नाय, खालून." एवढी वर्षं तो दारात बसून बघत आला होता, तेव्हा आपण काही शिकतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. जाळ धरला. सारवणाला आधी एक बारीक भेग गेली, मग तोंडाजवळचा एक पापुद्रा सुटून राखेत पडला. धर्मराजनं तो बघितला. उचलला नाही.

साहेब ढेकर देत आले. पुतळानं त्यांना कोंबडी घातली होती. त्यांनी चुलीच्या कडेला पंजा टेकवला आणि लगेच उचलला. "गरम," ते म्हणाले आणि बोटांवर फुंकर घातली. "बयाबाई कोण? आंबो घरत वडील? बरं. विधवा, स्वतंत्र चूल. कुटुंबप्रमुख स्वतः." त्यांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली. "अवलंबित कुणी?"

दारात आता सगळे जमले होते.

"हा," बयाबाईनं भावाकडे बोट केलं.

"बाबा, असं काय?" पंढरी म्हणाला. "दोन पोरं असताना बहिनीच्या नावाखाली? गाव काय बोलंल?"

"गाव वेगलं झालंय सगलं," धर्मराज म्हणाला. "बोलायला एकत्र यायला लागंल त्यांना." मग तो साहेबांकडे वळला. "लिवा."

साहेबांनी लिहिलं. अवलंबित, एक. नातं, भाऊ. या वेळी त्यांनी वाचून दाखवायच्या आधी धर्मराजला विचारलं, काही खुलासा हवा का. नको म्हणाला.

ते पुढच्या घराकडे गेले तसा हरेशनं आपल्या शेगडीचा रेग्युलेटर काढला. पंढरीनं पुतळाचा स्टो पिशवीत भरला. एवढ्या वेळात प्रत्येकाला कुणी ना कुणी काही बोललं होतं आणि आता ते सगळं पंपाच्या पाण्यावर घालता येणार नव्हतं. संध्यानं तीन पातेल्यांतला भात पुन्हा एका टोपात ओतला आणि हाक मारली. "चला बसा. आत्याबाय, इझवा आता ती चूल, साहेब गेलं."

बयाबाईनं चुलीवर पातेलं ठेवलं होतं. त्यात तांदूळ होते आणि ती पाण्यात बोट घालून पेर बघत होती. "तुमी बसा," ती म्हणाली. "आमचं व्हतंय हितं."

संध्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. श्रुतीनं तिच्या कोपराला हात लावून तिला आत नेलं.

भात व्हायला फार वेळ लागला. आतल्या पंगतीचे आवाज थांबले, हात धुऊन झाले, दोघे मुलगे एकेकदा पडवीच्या दारात येऊन परत गेले. बयाबाईनं भाताच्या कडेला मीठ वाढलं, दुसरं तिच्याकडे काही नव्हतं. धर्मराज मांडी घालून बसला. भात खाली लागला होता आणि वर कच्चा होता.

"कसा झालाय?" बयाबाईनं विचारलं.

आठ महिन्यांत संध्याच्या हातच्या बऱ्या जेवणाचं ताट त्यानं कितीदा सरकवलं होतं, ते बयाबाईनं पाहिलं होतं. तिची नजर त्याच्या हातावर होती.

धर्मराजनं घास चावला. तो चावायलाच लागत होता. मग त्यानं ताट पुढं केलं.

"आनखी वाढ," तो म्हणाला.